पिन केसभर बाहेर

माझ्या धाकट्या जावेत मला एकही दोष सापडत नाही आणि तोच तिचा सगळ्यात मोठा दोष आहे. हे मी एकदा नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. हसा म्हटलं. तुमच्या नाकावर टिच्चून कोणी पुढे गेलं असतं, तेही तुमच्याच घरातलं, तर कळलं असतं.

मी केबलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली आहेत. केबल म्हणजे घरातल्या दिव्याची वायर नव्हे. उंच मनोऱ्यांवर, रडारमध्ये, मोजमापाच्या महागड्या यंत्रांत सिग्नल वाहून नेते ती कोअ‍ॅक्सियल केबल. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरं इन्सुलेशन, त्यावर तांब्याचं कवच. या केबलच्या दोन्ही टोकांना कनेक्टर बसवायचे, एवढंच आमचं काम. ‘एवढंच?’ असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. हो, एवढंच. सुईत दोरा ओवण्याएवढंच, फक्त सुई तापलेली आणि दोरा चुकला तर सगळं फेकून द्यायचं.

नवीन बाई आली की आम्ही तिला आधी बीएनसी जातीच्या कनेक्टरवर बसवतो. दाबायचा, थोडा वळवायचा, अडकला. लहान पोरालाही जमेल. मग एन टाइप, अंगठ्याएवढा जाडजूड, आदळआपट केली तरी न कुरकुरणारा. मग एसएमए. हा करंगळीच्या टोकावर मावतो, अंगाला सोन्याचा मुलामा आणि नखरेही तसेच. एसएमएवर हात बसायला मला दोन वर्षं लागली. बहुतेक जणींची नोकरी एसएमएवरच संपते. त्याच्याही पुढे टू-नाइन-टू. दिसायला अगदी एसएमएचं जुळं भावंड, दोघे एकमेकांत बसतातही. पण एसएमएच्या पोटात पांढरं प्लास्टिक भरलेलं असतं आणि टू-नाइन-टूच्या पोटात नुसती हवा. फार वरच्या फ्रीक्वेन्सीचं काम असतं त्याचं. तिथे केसाएवढी चूकसुद्धा खपत नाही.

टू-नाइन-टूचं काम चालतं काचेच्या खोलीत. थंडगार खोली, प्रत्येकीला स्वतंत्र मायक्रोस्कोप, आणि खुर्च्या मोजून तीन. त्यातली एक बाई निवृत्त झाली आणि खुर्ची रिकामी पडली. गेली दहा वर्षं मी त्या खुर्चीकडे काचेतून बघत होते. आता ती मला मिळणार होती, नाहीतर धाकटीला.

आणि धाकटीला या कारखान्यात आणलं कोणी? मीच. मीच हाताला धरून आणली. घरात बसून कंटाळते म्हणाली, म्हणून दीड वर्षापूर्वी आमच्या मोठ्या बाईंकडे, म्हणजे सुपरवायझर बाईंकडे, मीच शब्द टाकला. इस्त्री कशी धरायची, म्हणजे सोल्डरची इस्त्री, ते मी शिकवलं. नट फिरवायचा, केबल कधीच फिरवायची नाही, हेही मीच बजावलं. बीएनसी तिला आठवड्यात आलं. एन टाइप महिन्यात. एसएमए चार महिन्यांत. चार! मोठ्या बाईंनी तिची एक केबल उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “असा जोड मी बऱ्याच वर्षांत बघितला नाही.” बऱ्याच वर्षांत! आणि मी काय तिथे इतकी वर्षं लाडू वळत होते? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र म्हणाले, “माझ्याच हाताखालची आहे.” ती लगेच म्हणाली, “हो, सगळं ताईंनीच शिकवलं.” तेही इतकं खरं वाटेल असं म्हणाली की आणखीच झोंबलं.

घरीही तेच. तिने घडी घातलेल्या चादरी कपाटात बघितल्या की माझ्या चादरी बाजूला गबाळ्यासारख्या दिसतात. सासूबाई पूर्वी माझं नाव घेऊन हाक मारायच्या, आता घरात कुठेही काही हवं असलं की “अगं धाकटे” म्हणतात. बरं, भांडावं तर ती भांडत नाही. टोमणा मारला तर हसते. अशा माणसाचं करायचं काय, सांगा.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझी जवळची नजर गेली होती. चष्मा करून आणला होता, पण तो पर्सच्या आतल्या कप्प्यात पडून असायचा. काचेच्या खोलीत जायची वेळ आली असताना चष्मा लावून मिरवायला मी काही खुळी नाही. सोल्डर वितळून पसरला की क्षणभर चमकतो आणि तेव्हाच इस्त्री उचलायची असते. ती चमक मला आताशा दिसत नव्हती. म्हणून मी अंदाजाने दोन सेकंद जास्त धरायचे. दोन सेकंदांनी काय होतंय, असं स्वतःला सांगायचे. व्हायचं ते हे की जास्त तापलं की आतलं पांढरं इन्सुलेशन फुगतं आणि पिनेला पुढे ढकलतं.

पिनेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या पिनेवरच आहे. मेल कनेक्टरच्या मधोमध पिन असते आणि पिनेच्या मुळाशी एक बारीकसा खांदा. तो खांदा कनेक्टरच्या कडेच्या पातळीपेक्षा केसभर आत हवा. समोरच्या फीमेलमध्ये ती पिन पकडायला नाजूक पाकळ्या असतात. खांदा बाहेर आलेला असला की नट आवळताना तो त्या पाकळ्यांवर चढतो आणि त्या वाकतात. एकदा वाकल्या की वाकल्या. म्हणून केबल जोडायच्या आधी तिला डायल लावायची, खांदा किती आत आहे ते काट्यावर बघायचं आणि मगच जोडायची, हा आमच्याकडचा नियम. मी मात्र नखानेच बघायचे. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं की कळायचं. “माझं नखच डायल आहे,” असं मी नव्या मुलींना ऐटीत सांगायचे. एसएमएवर ते खपून गेलं, इतकी वर्षं.

तर त्या खुर्चीसाठी मोठ्या बाईंनी परीक्षा ठेवली. दोघींनी टू-नाइन-टूच्या पाच-पाच केबल करायच्या, मीटरकाका त्या तपासणार, आणि संध्याकाळी पाचला बाई नाव लिहिणार. एकदा लिहिलेलं नाव बाई खोडत नाहीत, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. मीटरकाका म्हणजे आमचे तपासणीवाले. केबल मीटरला जोडली की पडद्यावर एक रेष उमटते. ती जितकी खाली आणि शांत, तितका जोड चांगला. रेष वर उसळली की सिग्नल मागे उलटतोय, म्हणजे केबल भंगारात.

सकाळी माझ्या चार केबल तपासून झाल्या. काकांनी प्रत्येकीला डायल लावली, जोडली, मान हलवली. चारही पास. पण “वा” म्हणाले नाहीत. “चालेल” म्हणाले. चालेल! पाचवी माझ्या हातात होती, जेवणाच्या सुट्टीपर्यंत कशीबशी झाली. तोवर धाकटीच्या पाचही केबल ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर डायलचा आकडा. काका जेवायला गेले. मीटर चालूच होतं.

मी जायला नको होतं. पण पाय वळलेच. मला बघायचंच होतं. ती माझ्यापेक्षा चांगली नाही, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मी तिची पहिली केबल उचलली आणि सरळ मीटरला लावली. डायल लावायचं मनातही आलं नाही. तिची पिन बाहेर असेल अशी शंका माझ्यासारखीच्याही मनाला शिवली नाही. ठरावीक जोर आला की कट् वाजणाऱ्या टॉर्क पान्याने नट आवळला, कट् झालं, पडद्यावर रेष आली.

काय सांगू. रेष अशी खाली निजलेली की जणू मीटरला काही जोडलेलंच नाही. एकोणीस वर्षांत माझ्या हातून अशी रेष उमटली नव्हती. मेलीला शिकून जेमतेम दीड वर्ष झालंय! मी तिची केबल काढली, होती तशी ट्रेमध्ये ठेवली आणि त्याच तिरिमिरीत माझी पाचवी लावली. माझीही तशीच येईल, यायलाच हवी, असं म्हणत लावली. डायल नाही. नखही नाही. पाना अर्ध्यात आला तेव्हा काहीतरी कचकन लागलं. थांबायला हवं होतं ना? मी नाही थांबले. कट् होईपर्यंत आवळलं.

रेष थरथरत वर उसळली. मी केबल काढली. टेबलावरचं भिंग घेतलं, पर्समधून चष्माही काढला, आणि मीटरच्या तोंडावरच्या फीमेल जोडात बघितलं. एक पाकळी बाहेर वळलेली. मग माझ्या केबलकडे बघितलं. खांदा बाहेर, चांगला दिसण्याइतका बाहेर. केबल अ‍ॅप्रनच्या खिशात कोंबली आणि मुकाट्याने जाऊन जेवायला बसले. समोर धाकटी. “ताई, पाचवी झाली का?” म्हणाली. “जमली नाही, चारच देते,” म्हटलं. तिचं तोंड उतरलं. माझ्यासाठी!

सुट्टीनंतर काकांनी तिच्या केबल घेतल्या. डायल लावली, आकडे चिठ्ठीशी जुळले, काका खूश. पहिली जोडली. रेष थरथरली. काढून परत जोडली. तेच. दुसरी, तिसरी, पाचही तशाच. केबलला जरा हात लागला की रेष नाचायची. सोल्डर कच्चा असला की अगदी असंच होतं, म्हणून मीटरवर कोणाला संशय आला नाही. काका मीटरच्या जोडाची तपासणी सकाळी एकदा करतात आणि दिवसभर मीटरवर संशय घेणं म्हणजे स्वतःवरच घेणं, असा त्यांचा खाक्या. “सकाळच्या चार बिनबोभाट पास झाल्या,” ते म्हणाले. “पोरी, तुझे जोड कच्चे आहेत.”

धाकटीचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू? रडली नाही. पाचही केबल घेऊन आपल्या टेबलाशी आली, माझ्या समोरच. “आत काहीतरी चुकलंय,” एवढंच म्हणाली. आणि कटर घेऊन तिने पहिली केबल मधोमध कापली. कनेक्टर उभा चिरला, आतला जोड मायक्रोस्कोपखाली धरला. बराच वेळ बघत बसली. दोष सापडेना. सापडणार कुठून, होता कुठे? मग दुसरी घेतली.

आता खरं सांगते. मला बरं वाटत होतं. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, पण त्या सगळ्याच्या खाली थंडगार बरं वाटत होतं. तिला आज पहिल्यांदा काहीतरी जमलं नव्हतं. पहिल्यांदा तिची बोटं अडखळत होती. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. उद्या सकाळी काकांना वाकलेली पाकळी सापडेल, पण तोवर नाव लिहून झालेलं असेल, आणि पाकळीवर काही कोणाची सही नसते. मी समोर एन टाइपचं जुनं काम घेऊन बसले आणि तासभर तिच्याकडे बघत राहिले.

तिसरी केबल कापून झाली तेव्हा मोठ्या बाई आल्या. मागून काका. बाईंनी कापलेल्या तुकड्यांकडे नुसती नजर टाकली. उचलून बघितलंही नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “शेवटी अनुभव तो अनुभव. हिच्या हाताला अजून वळण नाही. तुमचंच नाव लिहिते.”

हेच ऐकायला मी दहा वर्षं थांबले होते. आणि मला इतका संताप आला की कानशिलं तापली. हिच्या हाताला वळण नाही? हिच्या? त्या हातामुळे माझी झोप उडाली होती. त्या हातामुळे मी घरात चादरीच्या घडीवरून कुढत होते, चोरासारखी मीटरपाशी गेले होते. तो हात जर ऐरागैरा असेल तर मी दीड वर्ष जळले ती कशासाठी? आणि या बाईला कळत नाही? समोर चिरलेला जोड पडलाय, आरशासारखा, आणि तो उचलून बघायचीही तसदी घेत नाही?

“बाई, डोळे फुटलेत का तुमचे?” मी म्हणाले. शब्द तोंडातून सुटल्यावर कळलं काय बोलले ते. पण आता थांबणं नव्हतं. “बघा तो जोड. बघा आधी! असा जोड मला जन्मात जमला नाही. मीटर मोडलंय. मी मोडलंय. जेवणाच्या सुट्टीत, डायल न लावता.” आणि खिशातली पाचवी केबल काढून मी टेबलावर आपटली.

काकांनी केबल उचलली, डायल लावली, काटा कुठल्या कुठे गेला. ते पळत मीटरकडे गेले, भिंगातून बघितलं आणि तिथूनच अशी शिवी हासडली की पलीकडच्या ओळीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. नवा जोड बसवायला, मीटर पुन्हा लावायला अर्धा तास गेला. धाकटीच्या दोनच केबल उरल्या होत्या. दोन्हींची रेष तशीच, खाली निजलेली. काका म्हणाले, “वा.” मला ऐकू येईल असं म्हणाले.

बाईंनी धाकटीचं नाव लिहिलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सहा महिने तुम्ही मीटरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि तो चष्मा घाला.” म्हणजे त्यांना चष्मा माहीत होता. बहुतेक सगळ्यांनाच माहीत असावा.

सुटायच्या वेळी मी हात धुवायला गेले तर धाकटी तिथेच होती. मला वाटलं आता गळ्यात पडेल, आभार मानेल, आणि मी म्हणेन जाऊ दे गं. मी तयारही झाले होते. ती नळाखाली हात धरून उभी होती. वळलीही नाही.

“किती कापल्या मी?” तिने विचारलं.

“तीन.”

“चौथीला कटर लावला होता.”

“हो.”

“तुम्ही समोर बसला होतात. बघत होतात.”

“हो गं.”

“तासभर, ताई?” आता ती वळली. दीड वर्षात तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. “मला वाटत होतं मला काहीच येत नाही. मला वाटत होतं आजवर सगळे माझं उगीच कौतुक करत आले. आणि तुम्हाला माहीत होतं. का?”

घाबरले होते म्हणता आलं असतं. नोकरीची भीती वाटली म्हणता आलं असतं. तिने मानलंही असतं, ती मानते.

“बरं वाटत होतं,” मी म्हणाले.

तिने नळ बंद केला. एकेक बोट रुमालाने पुसलं, नीट, तिचं सगळंच नीट असतं. कारखान्यात येताना आमचे दोघींचे डबे एकाच पिशवीत असतात आणि पहाटे उठून ते मी भरते, पहिल्या दिवसापासून. तिने खुंटीवरची ती पिशवी काढली, त्यातून आपला डबा बाहेर घेतला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

“उद्यापासून माझा मी भरीन,” ती म्हणाली आणि निघून गेली.

मी हात न धुताच तिथे उभी राहिले. भरेल. आणि माझ्यापेक्षा चांगला भरेल, मला माहीत आहे. पहाटे मी उठेन तेव्हा तिचा भरून झालेला असेल, ओट्यावर झाकून ठेवलेला. आणि मी हातात एकच डबा घेऊन बघत बसेन की तिने काय काय भरलंय.